नाव नसलेला नावेचा पिक्चर

बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पुढचे काही दिवस ते घरातली प्रत्येक वस्तू नव्यानं पाहत होते. भिंत पिवळी नसून पांढरी आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. आईच्या केसांकडे बघून म्हणाले, "तू इतकी पांढरी कधी झालीस?"

"तुमी बघत नव्हता तवा," आई म्हणाली.

मग एका रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत त्यांनी जाहीर केलं, "मला एक पिक्चर बघायचाय."

आमच्या घरात हे नवलच होतं. बाबांनी अख्खी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. अहमदपूरच्या स्टँडवरून पहाटेची गाडी, संध्याकाळी परत. पिक्चर बघायला वेळ नव्हता आणि वेळ मिळाला तर ते झोपायचे. आता नांदेडला माझ्याकडे राहायला आल्यापासून टीव्ही लावला तरी बातम्यांपुढे कधी जात नसत.

"कोणता पिक्चर?" मी विचारलं.

"तो नावेचा."

"नावेचा म्हणजे?"

"अगं, नदी असती, नदीत नाव असती. नाव काय होतं ते न्हाई आठवत. तुझ्या आईला विचार, तिला लई पाठ हाय."

आई मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पाठच हाय. ह्यांनाच शेवट कळला न्हाई अजून."

"शेवट तुला कळला न्हाई," बाबा म्हणाले. "ती घरी गेली."

"न्हाई गेली घरी. शिकायला गेली."

हा वाद मी लहानपणापासून ऐकत आले होते. सणावाराला, लग्नाकार्यात, कुठे नदी दिसली की हमखास निघायचा. पण 'तो पिक्चर' म्हणजे नक्की काय, हे मी आजवर एकदाही नीट विचारलं नव्हतं. घरातल्या जुन्या भांड्यांकडे आपण जसं बघत नाही, तसं. त्या दिवशी मात्र मी मेथीची अर्धी जुडी माझ्याकडे ओढली आणि म्हणाले, "मला सगळा सांगा. सुरुवातीपासून."

दोघांचं नवं नवं लग्न झालेलं. बाबांचं गाव जळकोटच्या जवळ, चालत जाण्याच्या अंतरावर. सुगी संपली की जळकोटला तंबूचा सिनेमा यायचा. आईनं तोवर आयुष्यात पिक्चर पाहिलेला नव्हता. बाबांच्या चुलत बहिणी, आई आणि एक-दोन शेजारणी अशा सगळ्याजणी निघाल्या, बाबा पुढे. पोचेपर्यंत उशीर झाला आणि पडद्यावर पिक्चरचं नाव येऊन गेलं. त्यामुळे नाव दोघांनाही माहीत नाही.

गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी. एक नावाडी असतो, त्याची बायको असते. नदीवर पूल बांधायचं काम निघतं. पूल झाला की नाव बंद पडणार, म्हणून नवरा घरात कुढत बसतो. बायको त्याच पुलाच्या कामावर खडी फोडायला जाते. तिथल्या साहेबाची बायको तिला संध्याकाळी लिहायला-वाचायला शिकवते. पुढे ती म्हणते, तू शहरात चल, तुला नर्सचं शिक्षण देते. नवरा चिडतो, भांडण होतं. शेवटी पूल पूर्ण होतो. बाई गाठोडं घेऊन पुलावर येऊन उभी राहते. एका बाजूनं शहराकडे जाणारी गाडी येते, दुसऱ्या बाजूनं गावाकडे जाणारी. दोन्ही थांबतात, धुरळा उडतो आणि धुरळा खाली बसतो तेव्हा बाई तिथं नसते. एक गाडी निघालेली असते.

"कोणती?" मी विचारलं.

"गावाची," बाबा म्हणाले.

"शहराची," आई म्हणाली.

मी प्राणिशास्त्र शिकवते. एखादा किडा दोघांनी पाहिला आणि दोघांनी वेगळा सांगितला, तर माझ्या डोक्यात लगेच प्रश्न उभे राहतात: उजेड किती होता, कोण कुठं उभं होतं, आधी कोणी कोणाचं ऐकलं होतं. मी आईला खुणा विचारायला सुरुवात केली. हिरो कसा होता?

"डावखुरा," आई लगेच म्हणाली. "बांबू डाव्या हातानं मारायचा. जेवायचासुद्धा डाव्या हातानं. मला लई विचित्र वाटलं तवा."

"कायच्या काय," बाबा म्हणाले. "मिशा होत्या त्याला. बाकी मला काय दिसलं न्हाई वेगळं."

"आन् बायांचे पदर उजव्या खांद्यावर होते. मी म्हणलं, कुणीकडचे लोक आहेत हे?"

एवढ्या खुणा पुष्कळ झाल्या, असं मला वाटलं. मराठी पिक्चर, काळा-पांढरा, नदी, पूल, डावखुरा हिरो. आज ना उद्या सापडेल. त्या संध्याकाळी कॉलेजचं काम बाजूला ठेवून मी टीव्हीवर इंटरनेट जोडलं.

सापडला नाही. पण त्या शोधात मला जे सापडत गेलं, त्यानं मी चक्रावून गेले. कुणीकुणी आपल्याकडचे जुने पिक्चर नुसते टाकून ठेवलेले होते. काहींची नावं चुकीची, काहींचा आवाज एका पात्राच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडात गेलेला. कित्येक तर मी जन्मात ऐकलेले नव्हते. आपण म्हणतो जुना मराठी सिनेमा, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर तेच ते आठ-दहा येतात. बाकीचे कुठं गेले, हे कधी मनातच येत नाही.

एक होता, त्याची सगळी गोष्ट पिठाच्या गिरणीत घडते. गोष्ट काही धड नव्हती. पण मध्येच एक गाणं खऱ्याखुऱ्या आठवडी बाजारात घेतलेलं होतं. नायिका गात गात चालली आहे आणि मागं मिरच्या विकणारा म्हातारा थेट कॅमेऱ्याकडे बघतोय, डोळ्याला डोळा भिडवून. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की बघू नको. मी तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा मागं नेऊन पाहिला. दुसरा एक होता, मास्तरच्या बायकोचा. पहिला तासभर काहीच घडत नाही. ती पाणी भरते, सारवते, दिवा पुसते. मी कंटाळून बंद करणार, तेवढ्यात ती एकदा नवऱ्याच्या वर्गाच्या खिडकीबाहेर थांबून त्याचं शिकवणं ऐकते आणि हळूच हसते. तो किती वाईट शिकवतो हे तिला कळलेलं असतं. एक वाक्यही न बोलता. मी रिमोट खाली ठेवला आणि पुढचा सगळा पिक्चर ताठ बसून पाहिला. इतकं चांगलं काम करणारी ही बाई पुढं कुठं गेली? तिचा दुसरा एकही पिक्चर मला मिळाला नाही.

हळूहळू आई माझ्या शेजारी येऊन बसायला लागली. ती नर्स होती. जळकोट, अहमदपूर, शेवटी बिलोलीकडची उपकेंद्रं, असं तिनं आयुष्य काढलं. पिक्चरमध्ये बाळंतपण आलं की ती चष्मा सरळ करायची.

"पाणी गरम करा, पाणी गरम करा म्हणतात सगळे," ती म्हणाली. "त्या पाण्याचं पुढं काय करतात ते दाखवतच न्हाईत."

बाबा वेगळंच बघायचे. गोष्टीत कुणी मरो की जगो, रस्त्यावर गाडी आली की ते पुढे सरकायचे. "हिचं नाक बघ. असल्या गाडीला वळवायला दंडात बळ लागायचं. आमच्या ड्रायव्हरला विचार." ड्रायव्हर कधीचा गेलेला, पण बाबा त्याच्याबद्दल असंच बोलतात.

आणि मी हिरोंचे हात बघत होते. कुणी पेन उचललं की मी वाकून बघायची. भाकरी मोडली की बघायची. डावखुरा एकच सापडला, तोही वकिलाच्या पिक्चरमध्ये, त्यात नदीच नव्हती. मला वाटायला लागलं, की आईच्या मनानं डावखुरेपणा कुठून तरी दुसरीकडून आणला असेल. स्मरणशक्तीचं असं होतंच.

त्याच सुमाराला मला पेपर तपासणीसाठी लातूरला जावं लागलं. जाताना मी माझ्या लग्नाची कॅसेट पिशवीत टाकली. घरात ती चालवायचं यंत्र कधीच मोडीत गेलं होतं. गंजगोलाईजवळ एकजण जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घेऊन देतो, असं कळलं होतं.

दुकान अरुंद होतं. पुढं मोबाइलची कव्हरं टांगलेली, मागं दोन जुनी यंत्रं आणि त्यांच्या वर, छतापर्यंत, कॅसेटी. दुकानदार साठीचा होता. पूर्वी त्याची व्हिडिओ लायब्ररी होती, भाड्यानं कॅसेटी द्यायचा. आता लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी उतरवून देतो.

"ह्या वरच्या सगळ्या लग्नाच्या?" मी विचारलं.

"न्हाई ताई, ह्या पिक्चरच्या. कुणी विचारत न्हाई. लोकांना स्वतःचं लग्न पाहिजे, दुसऱ्याचा पिक्चर न्हाई पाहिजे."

मी त्याला नावेचा पिक्चर सांगितला. नदी, पूल, गाठोडं, दोन गाड्या. त्यानं लक्षपूर्वक ऐकलं आणि मान हलवली.

"मला काय माहीत न्हाई. खरं सांगू का, मी भाड्यानं देत होतो, बघत नव्हतो. मला मारामारीचे आवडायचे. मराठी तर मी कव्हर बघून द्यायचो. आन् कव्हरचा तरी काय भरवसा? लोक परत आणताना ह्याच्यातलं त्याच्यात घालून आणायचे. देवाचा म्हणून नेलेला पिक्चर, आत भलताच निघायचा."

"मग बिनकव्हरच्या असतील ना?"

त्यानं खालच्या फडताळातून एक पोतं ओढलं. कव्हर नसलेल्या, चिठ्ठ्या उडून गेलेल्या कॅसेटी. काहींना बुरशी आली होती. "ह्या फेकायच्याच आहेत," तो म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून त्यातल्या बऱ्या दिसणाऱ्या वेगळ्या काढल्या. त्यालाही त्यात गंमत वाटायला लागली होती. माझ्या लग्नाच्या कॅसेटीबरोबर ह्याही उतरवून ठेवतो म्हणाला, काय निघेल ते निघेल. मी नांदेडला परतले. काही दिवसांनी पेनड्राइव्ह कुरिअरनं आला.

रविवारी दुपारी जेवणं झाली आणि आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. पहिल्या काही फायली भलत्याच निघाल्या. एकीत अर्धी कुस्ती होती, एकीत नुसत्या मुंग्या. मग एक लागली, तिला सुरुवातच नव्हती. नावांचा भाग तुटून गेला होता की पुसला गेला होता, कळायला मार्ग नव्हता. थेट नदी आली. रुंद, शांत, काळीकरडी नदी आणि पलीकडच्या काठावरून निघालेली एक नाव.

आई उठून उभी राहिली. "हाच."

बाबांनी नुसता हात वर केला, आता गप बसा, असा.

नाव जवळ आली. नावाड्यानं बांबू पाण्यात रोवला. मी सवयीनं त्याचा हात पाहिला. उजवा.

"हे काय?" आई म्हणाली. "उलटा लावलास की तू."

"काय उलटा?"

"पिक्चर उलटा हाय. नाव ह्या बाजूनं न्हाई, त्या बाजूनं येत होती. आन् तो डाव्या हातानं बांबू मारायचा."

मी थांबवलं. कॅसेट उतरवताना चित्र उलटं होऊ शकतं का, याचा विचार केला. मग थोडं पुढं नेलं. घाटावर किराणा दुकान होतं, दुकानाची पाटी स्वच्छ वाचता येत होती. नावाड्याच्या बायकोचा पदर डाव्या खांद्यावर होता.

"आई, सुलटाच आहे. पाटी बघ ना."

"मी डोळ्यानं बघितलंय," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, भांबावलेपण होतं. "मी काय खोटं सांगू? एवढी वर्षं मला तो डाव्या हातानं जेवताना दिसतोय."

ती खोटं सांगत नव्हती, हे मला दिसत होतं. आणि चूकही अशी सरळ, नेमकी होती की ती नुसत्या विसरण्यातून झालेली नव्हती. विसरलेली माणसं काहीतरी गाळतात, काहीतरी मिसळतात. आईच्या आठवणीत सगळं जसंच्या तसं होतं, फक्त डाव्याचं उजवं.

"आई," मी म्हणाले, "तंबूत तू कुठं बसली होतीस?"

"बायांच्यात."

"म्हणजे कुठं?"

"मागं."

"बाप्यांच्या मागं?"

"न्हाई गं. पडद्याच्या मागं. पुढं बायांसाठी कनात लावलेली होती, पण तिथं गावातल्या मोठ्या घरच्या बाया बसायच्या. आमच्या बाया पडद्याच्या मागं. तिकडूनबी दिसायचं सगळं, पातळ पडदा होता."

पडद्याच्या मागून सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसणार. मी बाबांकडे पाहिलं. ते आईकडे बघत होते.

"मागं बसलेली होतीस, हे मला माहीतच होतं," ते म्हणाले. "पण कधी डोक्यातच आलं न्हाई."

मी पिक्चर पुन्हा सुरू केला. आता आई वेगळ्याच उत्साहानं बघायला लागली. ह्याचं ते उलटं, त्याचं हे उलटं, असं मोजत बसली. एका प्रसंगात नवरा-बायको जेवायला बसतात आणि तो उजव्या हातानं घास घेतो, तेव्हा ती खुशीत म्हणाली, "चांगला हाय की माणूस! उगीच नावं ठेवली मी."

पिक्चर चांगला होता. हे मी आईबाबांच्या मायेपोटी म्हणत नाही. खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगेवरून कॅमेरा संथपणे जातो आणि हातोड्यांचा ठेका हळूहळू गाण्याचा ठेका होतो, तिथं माझ्या अंगावर काटा आला. नावाडी खलनायक नव्हता. त्याला पूल नको होता आणि बायको हवी होती. दोन्ही गोष्टी त्याच्या हातातून एकदमच निघाल्या होत्या. एका ठिकाणी तो रिकामी नाव नदीच्या मधोमध नेऊन नुसता बसून राहतो, वर पुलाचे अर्धे खांब. असा प्रसंग लिहिणारा आणि काढणारा माणूस कोण असेल? पडद्यावर त्याचं नाव असणारच, पण तो तुकडाच आमच्याकडे नव्हता.

शेवट आला. बाई पुलावर. गाठोडं. दोन्ही बाजूंनी गाड्या आल्या. धुरळा इतका दाट, की पडदा नुसता करडा झाला. मग धुरळ्यातून एक गाडी थेट आपल्या अंगावर आल्यासारखी समोरून आली, कपाळावर पाटी, क्षणभर दिसली न दिसली आणि गेली. कोणत्या दिशेची ते गाडीवरून कळायचा मार्ग नव्हता. सगळं त्या पाटीवर होतं.

मी मागं नेऊन पाटीवर थांबवलं.

पाटीवर गावाचं नाव होतं. बाई घरी गेली होती.

इतकी वर्षं जो वाद चालला होता, तो बाबा जिंकले होते. मला वाटलं, आता ते टाळी देतील, निदान आईकडे बघून हसतील. ते पाटीकडेच बघत राहिले.

"कंडक्टर व्हायच्या आधीपासून तुम्हाला पाट्या वाचायची सवय," मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले.

आई म्हणाली, "पाटी बदलायची राहिली आसंल."

"काय?"

"परतीच्या गाडीची पाटी तशीच राहिली आसंल. तुमीच किती येळा इसरलात. बिलोलीची पाटी लावून उदगीरला गेलता एकदा, आठवतंय का?"

बाबा मोठ्यानं हसले. मीही हसले. पण हसणं ओसरल्यावर आईनं जे सांगितलं, ते मला आधी माहीत नव्हतं.

सातवी झालेल्या मुलींना नर्सचं ट्रेनिंग मिळतं, हे तिला लग्नाआधीच कुणीतरी सांगितलं होतं. पण लग्न झाल्यावर तो विषय काढायचा कसा, हे तिला समजत नव्हतं. पिक्चर बघून जळकोटहून परत येताना बायका पुढं गेल्या आणि ती मुद्दाम मागं रेंगाळली, बाबांच्या जवळ. म्हणाली, ती बघा कशी शिकायला गेली. बाबा म्हणाले, न्हाई, घरी गेली. ती म्हणाली, मी डोळ्यानं बघितलं. आणि मग, वाद चालू असतानाच, तिनं म्हटलं की मलाबी जायचंय.

"त्या बाईनं मला धीर दिला," आई म्हणाली. "म्हणलं, ती खडी फोडणारी गेली, मग मी का न्हाई?"

"आणि बाबा काय म्हणाले?"

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "मी काय म्हणणार? मी म्हणलं, जा."

"पण तुम्ही तर पाटी वाचली होती. ती बाई घरी गेली हे तुम्हाला माहीत होतं."

"त्या बाईचं मला काय करायचं होतं?" बाबा म्हणाले. "माझ्या बायकोनं विचारलं, मी सांगितलं."

आईचं ट्रेनिंग नांदेडला झालं. तेवढा सगळा काळ बाबांनी हा वाद एकदाही काढला नाही, असं आईनं नंतर मला सांगितलं. ती नोकरीला लागून, तिची पहिली बदली होऊन, मी जन्मून मोठी व्हायला लागल्यावर पुन्हा कधीतरी सुरू झाला.

एक प्रश्न विचारल्याशिवाय मला राहवेना. मी विचारला. "आई, पाटी सुलटी दिसून तुला वाचता आली असती तर गेली असतीस का?"

आईनं कपडे वाळत घातलेल्या दोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "काय की."

आणि चहा टाकायला उठली.

ती आत असताना बाबांनी मला हळूच विचारलं, "हे उलटं करून दाखवता येतं का? तिला दिसलं तसं?"

येत असणार, पण मला पटकन जमेना. मग बाबांनीच उपाय काढला. आईच्या खोलीतलं आरशाचं कपाट आहे, त्याच्यासमोर मी मोबाइलवर तो शेवट लावून धरला. बाबा पलंगावर बसून आरशात बघू लागले. नदी फिरली. बाईचा पदर उजव्या खांद्यावर गेला. गाड्या आल्या, धुरळा उडाला, पाटी समोर आली. बाबा पुढं वाकले. नव्या डोळ्यांनी त्यांनी ती उलटी अक्षरं जुळवायचा प्रयत्न केला, ओठ हलले, तेवढ्यात पाटी निघून गेली.

"पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं.

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई येत वाचता."

आई चहा घेऊन दारात उभी होती. "मग मी काय सांगत होते?" ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी लातूरच्या दुकानदाराला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, ती फाइल मी पुसली न्हाई. आता बघतो." दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं दुकानात बसून पाहिला होता. "मारामारी न्हाई एकपण," तो म्हणाला, "पण बरा हाय." त्याची बायको म्हणते, बाई गावालाच गेली, पण नवऱ्याकडे नाही, माहेरी गेली. माहेर त्याच गावात असेल. मी फोनवर हसत सुटले. पिक्चरचं नाव त्यालाही सापडलं नाही. मी जुन्या पिक्चरांची माहिती ठेवणाऱ्या एक-दोघांना गोष्ट कळवली आहे. एकानं एक नाव सांगितलं, दुसऱ्यानं दुसरं. दोन्ही पिक्चर मी पाहिले, एकातही नदी नव्हती. पण ते दोन पिक्चर बघायला मिळाले, हेही काही कमी नाही.

त्या पेनड्राइव्हवर अजून बऱ्याच फायली शिल्लक होत्या. गेल्या रविवारी एक उघडली. मांडव, सनई, फुलांच्या माळा. पाचेक मिनिटं आम्हाला वाटलं, पिक्चरची सुरुवात लग्नानं होते. मग माझ्या लक्षात आलं, की हे कुणाचं तरी खरं लग्न आहे, चुकून पिक्चरच्या कॅसेटींत गेलेलं. मी बंद करायला लागले.

"असू दे," आई म्हणाली. "चांगलं चाललंय."

"आई, आपल्या ओळखीचं कुणी नाही त्यात."

"पिक्चरात तरी कोण ओळखीचं असतं?"

मग आम्ही ते लग्न पाहिलं. नवरी अंगानं बारीक होती आणि सारखी कुणाकडे तरी बघून हसत होती, पण ते कोण, हे कॅमेऱ्यानं शेवटपर्यंत दाखवलं नाही. पंगतीत एका म्हाताऱ्यानं जिलेबीला नको नको म्हणत तीनदा घेतली. बाबांनी मध्येच विचारलं, "ह्यात हिरो कोण?" नवरदेवाकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "ह्याला काय काम न्हाई दिलेलं."

पाठवणी झाली, जीप हलली, चित्र थरथरलं आणि निळा पडदा आला. आईनं बराच वेळ त्या निळ्या पडद्याकडे पाहिलं.

"ही पोरगी आता कुठं आसंल?" ती म्हणाली. "त्या दुकानदाराला विचार की. कॅसेट कुणी आणून दिली होती, आठवतंय का म्हणावं."